तेराव्या रिळात आई काय म्हणाली?

अन्याय झाला तो उरवड्याच्या सोनाबाईवर. कधी झाला तेही सांगतो, कारण मोघम तक्रारीला कोणी विचारत नाही. सन एकोणीसशे बासष्ट, माघ वद्य पंचमी, मुक्काम पिरंगुट, पहिला खेळ, रीळ तेरावं. त्या रिळात पडद्यावरची आई आपण देऊन टाकलेल्या मुलासमोर उभी राहिली, सलग दोन मिनिटं बोलली, आणि तंबूतल्या चारशे माणसांपैकी एकालाही त्यातलं वाक्य कळलं नाही. आधीची बारा रिळं सोनाबाई ज्यासाठी मातीत मांडी घालून बसली होती, ते तिच्या कानांवर आदळलं आणि कानांत शिरलं मात्र नाही.

अन्याय करणाऱ्यांत मीही होतो. हे पहिल्याच दमात लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला जोरात बोलता येईल.

अनुभव लिहायचे ते पेन्शनीत निघालेल्यांनी, असा या अंकाचा रिवाज दिसतो. मी सत्तावीस वर्षांचा आहे. पण फिरत्या टॉकीजच्या तंबूत सहा हंगाम इंजिनावर काढले की माणसाकडे सांगण्यासारखं साठतं. त्याआधी चळवळीच्या दिवसांत मी पत्रकं लिहायला शिकलो होतो. पत्रकाचा नियम सोपा: वर नाव, खाली मागणी, मधे राग. मालकांनी मला ठेवून घेतलं तेही त्याच गुणावर. सकाळी खेळाच्या जाहिराती लिहायच्या, दुपारी बैलगाडीतून त्या वाटत गावोगाव ओरडायचं आणि संध्याकाळी इंजिन चालवायचं.

धंदा कसा चालतो हे ज्यांनी पक्क्या थिएटरातच सिनेमा पाहिला त्यांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पाऊस सरला की तंबू निघतो आणि मृगाच्या आत परत येतो. गावात वीज नसते, ती आम्ही तेलाच्या इंजिनावर करतो. तंबूच्या एका टोकाला पडदा, पडद्यामागे आवाजाचा कर्णा, दुसऱ्या टोकाला पत्र्याची केबिन. केबिनीत यंत्र आणि यंत्रामागे ऑपरेटर. चित्राच्या फितीच्या कडेला एक बारीक नागमोडी रेघ असते, तोच आवाज. बोलणं, गाणं, वादळ, घोडे, सगळं त्या एकाच रेघेत. आमच्याकडे बटन एकच. गाणं कमी आणि बोलणं जास्त, अशी सोय नाही. बटन फिरवलं की सगळंच वाढतं, आणि फार फिरवलं की आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात सारंगी आणि आई यांत फरक राहत नाही.

तरी आवाज मोठा पाहिजे ही सगळ्यांचीच समजूत. बोलणं कळलं नाही की पब्लिक ओरडतं, "आवाज! आवाज!" कोणी केबिनीच्या दारात जाऊन खूण करतो, ऑपरेटर बटन पुढे सरकवतो. मग आणखी कळत नाही, मग आणखी ओरडा. एका मुक्कामाला तर तिथल्या सरपंचांनी मालकांकडे तक्रार केली की शेजारच्या गावाला तुमचा आवाज गेला, तेवढा आमच्या गावाला का नाही. दुसरीकडे एक म्हातारबा दर खेळाला कानांत कापसाचे बोळे घालून यायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "बोळं घातल्याबिगर काय बी ऐकू येत न्हाई." मी हसलो होतो. तंबूतला सगळ्यांत शहाणा माणूस तोच होता.

आता सोनाबाईकडे येतो.

पंचमीच्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिनाचं तेल बदलत होतो. साठीच्या घरातली एक बाई तंबूच्या दोऱ्या ओलांडत थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात चपला, पदर कमरेला. तिनं नाव-गाव सांगितलं आणि विचारलं, "ती आई काय म्हनली?"

मी म्हटलं, कोणती आई?

"तुमच्या शिणिमातली. थोरल्याला ठिवून घेतला आन् धाकल्याला दिऊन टाकला. का दिला ते तिनं लास्टला सांगितलं. काय सांगितलं?"

प्रकरण असं होतं. उरवड्यात सोनाबाईच्या आळीत नऊ-दहा घरं. सगळ्या बायांना खेळाला येणं जमत नाही. कोणाचं तान्हं, कोणाची म्हैस व्यालेली, कोणाचा नवरा नको म्हणणारा. म्हणून त्यांनी आपसात रीत घातली होती. तंबू आला की सोनाबाईनं जायचं, खेळ पाहायचा आणि दुसऱ्या पहाटे जात्यावर बसलेल्या बायांना सगळा सांगायचा. त्या बदल्यात आठ दिवस तिच्या वाटणीचं दळण इतर बाया दळून द्यायच्या. सांगायची ती अशी, की ऐकून आलेल्या बाया पुढे बाजारात भेटल्यावर आम्हालाच चित्राच्या गोष्टी ऐकवायच्या. आमची शंभर पत्रकं एकीकडे आणि सोनाबाई एकीकडे.

त्या पहाटे तिनं बारा रिळं सांगितली आणि तेराव्याला थांबली. तिची धाकटी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली की बाई, तुला झोप लागली असंल, तसं सांग की. दुसरी म्हणाली, आम्ही दळण दळायचं ते निम्म्या गोष्टीसाठी का? कोणी सुचवलं, शेवट मनानं जोड, आम्हाला कुठं कळतंय. सोनाबाई उठली, चपला घेतल्या आणि पिरंगुटची वाट धरली.

"मनानं जोडाया मी काय लबाड हाय व्हय?" ती मला म्हणाली. "जे ऐकलं न्हाई ते मी सांगनार न्हाई. तू रोज हितं आसतूस, तू सांग."

मला सांगता आलं नाही.

हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. ते चित्र आमच्याकडे हंगाम सुरू झाल्यापासून चार महिने होतं. मी प्रत्येक खेळाला हजर. पण मी इंजिनापाशी, आणि इंजिनापाशी आई काय, तोफ ऐकू यायची नाही. दारावर तिकिटं फाडणाऱ्या गणपाला विचारलं. तो म्हणाला, "रडते एवढं ठाऊक आहे." मग ऑपरेटर हुसेनचाचांना विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहीतरी भाकरीचं बोलते. हातानं दाखवते ना, अशी." चार महिने आम्ही एक गोष्ट तिकीट लावून विकत होतो, आणि तिचा शेवट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता.

मला मात्र आतून आनंद झाला. खरं तेच लिहितो. कारण माझ्या ट्रंकेत दोनशे पत्रकं तयार होती. मथळा होता, "मालकाला कान आहेत काय?" मालक आवाज चढवतात तो लांबच्या वाड्यांना ऐकू जाऊन गर्दी वाढावी म्हणून, हा माझा सिद्धान्त. खेळाच्या जाहिराती छापायला पुण्याला गेलो तेव्हा त्याच छापखान्यात हेही छापून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाजारात ते वाटायचं आणि नोकरीवर लाथ मारायची, असं मी ठरवलं होतं. कमी होता तो साक्षीदार, आणि तो अनवाणी चालत आला होता.

मी हुसेनचाचांना म्हटलं, या मावशींना तेरावं रीळ ऐकवू या. दिवा नको, चित्र नको, नुसता आवाज. भरदुपारी तंबूत चित्र दिसतही नाही. चाचा हो म्हणाले. पन्नाशीचे, अत्तराचा फाया कानात घालणारे, यंत्राला पोटच्या पोरासारखं पुसणारे. मी इंजिन चालू करून दिलं आणि सहा हंगामांत पहिल्यांदा, इंजिन चालू असताना, तंबूच्या आत जाऊन बसलो.

रीळ सुरू झालं आणि मी दोन्ही हात कानांवर नेले. तो आवाज नव्हताच. पत्र्याच्या डब्यात खडी घालून कोणी डोक्याशी हलवत होतं. त्यातच तंबूच्या कापडातून माझ्या इंजिनाची धडधड. सोनाबाई उठली, केबिनीच्या दारात गेली आणि चाचांच्या पाठीमागून म्हणाली, "बाबा, कमी कर." चाचा हलले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. नाहीच. मग ती वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि तेच शब्द हळू म्हणाली. चाचांनी लगेच बटन मागे घेतलं.

ती माझ्याकडे परत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यास्नी पाठमोरं ऐकू येत न्हाई. माजा सासरा आसाच हुता. तोंड बगून बोलनं वळखायचा. वरडू नगंस त्यांच्यावर."

मी केबिनीत गेलो. आवाजाच्या बटनाभोवती कुंकवाचे ठिपके होते. दर हंगामाच्या पहिल्या खेळाला चाचा आवाज लावून घ्यायचे आणि तिथे ठिपका ठेवायचे, मग हंगामभर बटन त्याच्या मागे येत नसे. हे ठिपके मी रोज पाहत होतो, शोभेचे समजत होतो. त्या दिवशी मोजले. सहा. प्रत्येक आधीच्याच्या पुढे. पहिला मधोमध, सहावा अगदी टोकाला. मालकांनी एकही ठिपका लावलेला नव्हता. चाचा स्वतःच्या कानाला ऐकू येईपर्यंत बटन फिरवत होते, आणि त्यांचा कान दर साली मागे सरत होता.

कान कशानं गेला हे विचारायची गरज नव्हती. इंजिन केबिनीपासून वीस पावलांवर होतं. ते तिथे मी ठेवायचो. मी कानांना मफलर गुंडाळून बसायचो; चाचांना यंत्राची चाल ऐकायला कान उघडे ठेवावे लागत, आणि पत्र्याची केबिन धडधड दुप्पट करी. तार कमी लागते हे मालकांना सांगायचं कारण. खरं कारण, तिथून कापडाच्या फटीतून मला चित्र दिसायचं.

चाचांनी माझा चेहरा वाचला. यंत्र थांबवलं, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "दिनकर, डावा तीन साल झाली गेला. उजवा निम्मा आहे. घरात पाच माणसं आहेत. मालकाला सांगशील?"

ट्रंकेतली पत्रकं आठवली. ती वाटली असती तर मालकांनी आवाज कोण लावतो याची चौकशी केली असती, आणि दुपारच्या आत चाचा घरी गेले असते. आंधळा हल्ला म्हणतात तो हाच. मी म्हटलं, सांगणार नाही. पण आजच्या खेळाला आवाज असा जाऊ देणार नाही.

सोनाबाई मधेच म्हणाली, "आदी माजं रीळ."

इंजिन मी बैल लावून बांधापलीकडच्या खड्ड्यात नेलं. बाहेरच्या भोंग्याची जादा तार होती, ती पुरली. बटन पहिल्या ठिपक्यावर आणलं. तेरावं रीळ पुन्हा लावलं. रिकाम्या तंबूत, पांढऱ्या कोऱ्या पडद्यातून, एक बाई साध्या आवाजात बोलू लागली. ती मुलाला म्हणत होती की तू नकोसा झालास म्हणून दिला नाही. घरात एकाच्या पुरती भाकर होती. तू धाकटा होतास. धाकटं रडतं, त्याला कोणीही उचलून घेतं. थोरल्याला कोण घेणार होतं?

बस. दोन मिनिटांत एवढंच, मधे थांबत थांबत.

सोनाबाईनं डोळ्यांना पदर लावला नाही. तो कमरेला पुन्हा खोचला. मग म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं लई मोटं काय बोलती." आणि जरा वेळानं, "खरं हाय पर. थोरल्याला कोन घेतंय."

आता प्रश्न संध्याकाळचा. रिकाम्या तंबूचा आवाज भरल्या तंबूला चालत नाही, माणसं आवाज पितात. खेळ चालू असताना कोणीतरी आत बसून कमीजास्त सांगायला हवं, आणि चाचांना ते ऐकू येणार नाही. घंटी निरुपयोगी. शेवटी युक्ती चाचांनीच काढली. त्यांनी मनगट पुढे केलं. "इथं सुतळी बांध. दुसरं टोक तंबूत. एक ओढ दिली की कमी, दोन दिल्या की जास्त. हाताला तर कळतं ना अजून." दुसरं टोक कोणाकडे, यावर चर्चा झालीच नाही. सोनाबाई बायांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत बसली आणि सुतळी तिनं पायाच्या अंगठ्याला गुंडाळली.

नेमके मालक त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं पुण्याहून आले. बाजाराच्या आदल्या दिवशी ते येतच असत. खेळ सुरू झालेला. त्यांनी डोक्यावरून जाणारी सुतळी पाहिली आणि मला विचारलं, "केबिनीत म्हैस बांधली आहेस काय?" मी म्हटलं, खेळ होऊ द्या, मग सांगतो. मालक दारापाशी उभे राहिले.

पहिल्या रिळाला नेहमीप्रमाणे ओरडा सुरू झाला. "आवाज! आवाज!" चाचांना तो ऐकू येत नव्हता, त्या दिवशी त्याचा फायदाच झाला. जिला तो ऐकू येत होता त्या सोनाबाईनं अंगठा हलवला नाही. उलट मागं वळून बसल्या जागेवरून पुरुषांना म्हणाली, "गप ऱ्हावा, मंग ऐकू येतंय." हशा झाला. पण दुसऱ्या रिळापर्यंत एकेक ओळ गप्प होत गेली. ऐकायचं तर गप्प बसावं लागतं हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि मलाही. आवाज मोठा होता तोवर सगळा तंबू बोलत असे. गाण्याला तिनं एकदा कमी केलं, वादळाला एकदा. तेराव्या रिळात सुतळी हलली नाही. शेंगा फोडणारेही थांबले. इंजिन खड्ड्यात सोडून मी तंबूच्या कापडाला टेकून बाहेर बसलो होतो, तिथवर त्या बाईचं बोलणं आलं. शब्द न् शब्द.

खेळ सुटल्यावर मालकांनी केबिनीत हाक मारली. मी तयारीनं गेलो होतो, राजीनाम्याची वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण चाचा माझ्या आधी बोलले. सुतळी मनगटाला तशीच होती. डावा तीन साल झाली, उजवा निम्मा, सगळं त्यांनी मालकांच्या तोंडाकडे पाहत सांगून टाकलं. इंजिन कोणी कुठे ठेवलं होतं ते मी सांगितलं. मग दम होता तोवर पत्रकही पुढे केलं. माझ्याच बुडाखाली लपवून ठेवणं मला जमलं नसतं.

मालकांनी मथळा मोठ्यानं वाचला. "मालकाला कान आहेत काय." मग सबंध पत्रक मनात वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. मग चाचांना म्हणाले, "ती थोरल्याला ठेवून घेते ते या कारणानं होय? चार महिने झाले, मला वाटत होतं तो लाडका असेल."

चाचांनी मान हलवली.

मालक जायला निघाले आणि दारातून वळले. मला म्हणाले, "उद्यापासून सुतळी नको. काचते. तंबूची नाडी घे, रुंद असते."

मी बाहेर आलो आणि गवतावर बसलो. इतकं हलकं मला चळवळ जिंकल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. चाचा अजून यंत्रावर आहेत. उरलेला निम्मा कान आता इंजिनापासून लांब आहे. गेलेला मात्र परत आला नाही. माझ्या एका फटीची ती किंमत आहे, आणि ती मी दिलेली नाही, त्यांनी दिली. प्रत्येक मुक्कामाला आम्ही गावातला एक जाणता माणूस नाडीपाशी बसवतो, बहुतेक वेळा बाईच असते. पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर मी पुढच्या खेळाच्या जाहिराती लिहिल्या. कागद वाया गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात सोनाबाई भेटली. पहाटे तेरावं रीळ सांगून झालं होतं. आळी काय म्हणाली असं मी विचारलं. ती म्हणाली, "जाऊबाई म्हनली, म्या कालच म्हनलं हुतं, आसंच आसंल." आणि आठ दिवसांचं दळण मिळालं का? "मिळालं. तिचंच पैलं."

आता नियमाप्रमाणे खाली मागणी.

हा अंक वाचणारे तुम्ही तंबूत जाता, थिएटरातही जाता. चित्र बनवणारे दिवसेंदिवस जास्त वाजवू लागले आहेत, आणि बोलणं त्याखाली चिरडत चाललं आहे. घरी येऊन तुम्ही म्हणता, गाणी छान होती, गोष्ट नीट कळली नाही. दोष स्वतःच्या अकलेला देता. तो देऊ नका. पुढच्या खेळाला पहिल्याच रिळात उठा, "आवाज" असं ओरडू नका, चालत केबिनीपर्यंत जा. आत जो माणूस असेल त्याच्या पाठीमागून बोलू नका. समोर उभे राहा, त्याच्या तोंडाकडे बघा आणि सावकाश सांगा, "कमी करा, ती काय म्हणते ते आम्हाला ऐकायचं आहे." आणि त्याला नीट ऐकू येत नसेल, तर मालकाकडे तक्रार घेऊन जाऊ नका. दोरीचं एक टोक मागून घ्या आणि खाली बसा.